उसाचा फड, उंदीर आणि माणसाचे मूत्रपिंड



लेप्टो म्हटले की आपल्याला मुंबई-कोकण आठवते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. "आपला सोलापूर जिल्हा कोरडा, आपल्याला काय त्याचं?" असे म्हणू नका. उजनीच्या पाण्यावर आपल्याकडे ऊस वाढला, आणि जिथे ऊस तिथे उंदीर.

या रोगाचा इतिहास सांगतो. १८८६ साली जर्मनीत डॉ. वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रोग्यांची नोंद केली. कारण सापडले जपानात. १९१५ च्या सुमारास इनादा आणि इदो यांनी याचा पिळदार जंतू शोधला. पुढे कळले की हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात घर करतो. उंदीर धडधाकट दिसतो, पण लघवीवाटे जंतू ओल्या मातीत टाकत राहतो. तिथून तो जखमेतून माणसात शिरतो.

१९३३-३४ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसतोड मजुरांत ही साथ आली, माणसे दगावली. "आधी फड पेटवा, मगच तोडू," म्हणून १९३५ साली मजुरांनी संप केला. फड पेटवला की उंदीर पळतात, हे खरे. पण पाचट म्हणजे जमिनीचे खत. ते जाळू नका. त्याऐवजी मजुरांना गमबूट व हातमोजे द्या, जखमेवर पट्टी बांधा, बांधावरची बिळे मोडा.

आता महत्त्वाचे. उंदराच्या मूत्रपिंडातून निघालेला हा जंतू माणसाच्याही मूत्रपिंडावर घाला घालतो. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे ही सुरुवात. पुढे कावीळ झाली, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा थुंकीतून रक्त आले, तर जिवाला धोका आहे असे समजा. लघवी नीट होते म्हणून गाफील राहू नका. आतला बिघाड रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीतच कळतो. मनाने अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी मूत्रपिंड आणखी बिघडते. काविळीसाठी झाडपाल्यात दिवस घालवू नका.

लवकर औषध मिळाले आणि गरज पडल्यास डायलिसिस झाले, तर बहुतेकांचे मूत्रपिंड पुन्हा कामाला लागते. म्हणून ताप आला की सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी उसाच्या फडात काम करतो."