वारारोधक झाडे : उंची उतरवा, पण हिशेबाने

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागांच्या कडेने सुरू, सिल्व्हर ओक, नीलगिरी, शेवरी यांच्या रांगा दिसतात. पावसाळ्यात पश्चिम व नैऋत्येकडून येणारे जोराचे वारे अडविण्यासाठी प्रामुख्याने पश्चिम आणि दक्षिण बांधावर त्या लावल्या जातात. शहरालगत फार्महाऊस घेणाऱ्यांनीही हीच पद्धत उचलली आहे. परंतु दुर्लक्ष झाल्यास ही झाडे बेसुमार वाढतात आणि ज्या बागेच्या रक्षणासाठी ती लावली, तिच्याच वाट्याचे ऊन आणि पाणी घेऊ लागतात.

उंचीचे गणित

झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग लक्षणीय कमी होतो. म्हणजे १५ मीटर उंचीची रांग सुमारे १५० मीटरपर्यंत आडोसा देते. ती १० मीटरवर आणली, तर हा पट्टा १०० मीटरवर येतो. सावलीचा हिशेब याच्या उलट आहे. डिसेंबरअखेरीस नाशिकमध्ये भर दुपारीही १५ मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला सुमारे १४ मीटर पडते. द्राक्षमणी वाढण्याच्या काळातच दक्षिण बांधालगतच्या ओळी अशा सावलीत राहतात. तेथे हवा कोंदट राहिल्यास केवडा, भुरी यांसारख्या रोगांनाही वाव मिळतो. म्हणूनच बागेची रुंदी मोजून, तिला पुरेल एवढीच उंची राखणे शहाणपणाचे ठरते.

झाड पाहून छाटणी

सर्वच झाडे छाटणी सारखी सोसत नाहीत. नीलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांना खोडापासून जोमाने नवे फुटवे येतात. सिल्व्हर ओकही फांद्यांची छाटणी बऱ्यापैकी सहन करतो. सुरूचे मात्र तसे नाही. हिरवी पालवी न ठेवता तो खाली कापल्यास बहुधा वाळतो. त्याचा शेंडा कोवळ्या वयातच नियंत्रणात ठेवणे इष्ट.

सर्व शेंडे एका रेषेत सपाट तोडणे ही नेहमीची चूक होय. उघडे पडलेले बुंधे कुजतात आणि त्यांवर फुटणाऱ्या कमकुवत फांद्या पुढच्या वादळात मोडतात. त्याऐवजी खाली असलेल्या सशक्त फांदीच्या बेचक्याशी काप घ्यावा. एका वेळी पालवीचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा काढावा आणि उरलेली उंची पुढील दोन-तीन हंगामांत उतरवावी. रांगेतील मधलीच झाडे तोडू नयेत. त्या खिंडीतून वारा अधिक वेगाने आत शिरतो. रांग भिंतीसारखी गच्चही नसावी. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग अधिक उपयुक्त असते. बुंध्यालगत पोकळी झाली असल्यास आतील बाजूने शेवरीसारखी झुडपे लावून ती आधी भरून काढावी.

कायदा आणि सुरक्षितता

ग्रामीण भागात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग आदी अनुसूचित वृक्षांच्या तोडीवर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाचे नियंत्रण आहे. महापालिका हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो व त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे शेंडा उतरवण्यापूर्वीही संबंधित कार्यालयात चौकशी करावी.

वीजवाहिनीजवळील फांद्यांना हात लावण्यापूर्वी महावितरणकडून प्रवाह बंद करून घेणे अत्यावश्यक आहे. उंच झाडावरील काम दोरखंड आणि सुरक्षापट्टा वापरणाऱ्या अनुभवी कामगारांकडेच सोपवावे. फांद्यांत पक्ष्यांची घरटी असल्यास पिले उडेपर्यंत थांबावे. भर पावसात छाटणी टाळावी. ओल्या जखमांतून बुरशी शिरते.

दरवर्षी थोडी छाटणी झाली, तर काम हाताच्या उंचीवर राहते. वीस वर्षांचे दुर्लक्ष एका दिवसात भरून काढू पाहणाऱ्याची झाडेही जातात आणि आडोसाही जातो.