विनय, भाषा आणि रुग्णसेवा

बोरिवलीनजीकच्या कान्हेरीतील बहुतेक सातवाहनकालीन दानलेख प्राकृतात आहेत. लोकभाषेचा हा मान विनयपिटकातही दिसतो. चुल्लवग्गात बुद्धवचन वैदिक छंदसात घालू इच्छिणाऱ्या, ब्राह्मणकुळातील दोन भिक्खूंना तथागतांनी मनाई केली व ते ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वभाषेत, शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषांनी या पदाचा अर्थ मागधी असा केला; तो स्वीकारणे कठीण आहे. महावग्गात रुग्णपरिचारकाच्या पाच गुणांत औषध सिद्ध करण्याबरोबर रुग्णाला धम्मकथेने उत्साह देणेही सांगितले आहे. रुग्णाची भाषा न जाणता ते कसे साधावे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती देणे बंधनकारक केले. उपनगरांतील रुग्णालयांत मात्र दुभाष्याचे काम अनेकदा आयाबाईच करते, आणि तिच्या वेतनात त्याची गणना नसते.