पाणी नसतं तेव्हा पाइपात काय शिरतं?

सोलापुरात पाहुण्यांना फोन केला की एक प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं पाणी कधी आलं?" कसं आलं, हे सहसा कुणी विचारत नाही. आजचा एपिसोड त्या 'कसं'वर आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरातून. एकोणिसाव्या शतकात वारीच्या गर्दीत पटकी, म्हणजे कॉलरा, पुन्हा पुन्हा पसरायचा. लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. हसू नका, कारण तेव्हा घाणेरड्या हवेमुळं कॉलरा होतो असं मानणारे साहेबांचे डॉक्टरही पुष्कळ होते. १८८४ला रॉबर्ट कॉखला कोलकात्याच्या एका तळ्यात कॉलऱ्याचा जंतू सापडला. पुढच्याच वर्षी एशेरिखनं बाळांच्या शौचातला एक जंतू नोंदवला. तोच आजचा ई. कोलाय, कोलिफॉर्म घराण्यातला.

याचे बहुतेक प्रकार स्वतः फारसा त्रास देत नाहीत. पण तो पाण्यात दिसला, की मैला कुठंतरी मिसळलाय हे नक्की. आम्ही कोडवाले लॉगमध्ये एरर बघतो ना, तसलंच. म्हणून भारतीय मानक सांगतं, १०० मिली पाण्यात ई. कोलाय एकही नको.

आता सोलापूर. सिद्धेश्वर तलाव जुनाच. १८७१ला एकरुख तलाव झाला, म्हणजे आपला हिप्परगा. १८७७ला जुनी मिल उभी राहिली, कामगार आले, विणकर आले, शहर फुगलं. १९८०ला उजनी धरण पूर्ण झालं आणि मग तिथून शंभरावर किलोमीटर पाइपलाइन आली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, अजून लांबून अजून पाणी आणा. उजनीत पुण्याचं सांडपाणीही मुळा-मुठा आणि भीमेतून येतं, हे वेगळंच. ते शुद्धीकरण केंद्रात साफ करता येतं. खरी गडबड त्याच्या पुढं आहे.

पाणी तीन-चार, कधी पाच दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो. जॉइंट गळका असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर बाहेरची घाण आत झिरपते. पाणी सुटलं की आपण नळाला थेट मोटर लावतो, ती तर ओढूनच घेते! केंद्रातला नमुना चांगला आणि गल्लीतला खराब, हे असं होतं. शिवाय पुढचे चार दिवस ते पाणी बॅरलमध्ये, त्यात बुडवलेला तांब्या. ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पण ती नळावर केलेली असते, बॅरलवर नाही. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरतात असं समजू नका.

शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये याचा अभ्यास झाला, निकाल २०१३ला छापून आले. शहर तेच, पण काही भागांत चोवीस तास पाणी, बाकी ठिकाणी दिवसांआड. दिवसांआडच्या नळांच्या जवळपास ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय निघाला, चोवीस तासवाल्यांत १ टक्क्याहूनही कमी.

उजनीहून आता दुसरी, समांतर पाइपलाइनही टाकली गेलीय. पाणी वाढेल, चांगलंच आहे. पण गल्लीतले गळके पाइप बदलल्याशिवाय ते रोज, दाबानं, घरापर्यंत कसं पोचणार? तोवर पाणी सुटल्यावर पहिली बादली सांडायला ठेवा, आणि प्यायचं पाणी खळखळून उकळा.