आई-आजी गेल्यानंतर तिची नोंद कुठे राहते? मृत्यू दाखला, सातबारा आणि आठवणी

वर्तमानपत्रातल्या निधन वार्ता बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. नाव, वय, 'वृद्धापकाळाने निधन' आणि मग 'पश्चात मुले, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे'. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलसारख्या भागात, म्हणजे गुजरात सीमेजवळच्या आदिवासी पट्ट्यात, आयुष्यभर घर आणि शेत सांभाळलेल्या अनेक आजींच्या वाट्याला एवढ्या चार ओळीही येत नाहीत. (हे हरसूल नाशिक जिल्ह्यातलं. कारागृहासाठी ओळखलं जाणारं हर्सूल छत्रपती संभाजीनगरचं.)

पण तिची नोंद नसली तर पुढे मुलांचे आणि विशेषतः मुलींचे हक्क अडकतात. म्हणून आई किंवा आजी गेल्यानंतर काय करायचं असतं, ते समजून घेऊ.

मृत्यूची नोंद कुठे आणि किती दिवसांत?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. मृत्यू घरी झाला असेल तर ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची आणि दवाखान्यात झाला असेल तर दवाखान्याची. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मृत्यू जिथे झाला, तिथेच नोंद होते, मूळ गावी नाही. हरसूलच्या आजीला उपचारासाठी नाशिक शहरात नेलं आणि तिथे ती गेली, तर दाखला नाशिक महापालिकेकडून मिळेल. द्राक्षबागेत मजुरीला गेलेली बाई तिकडेच वारली, तर त्या गावची ग्रामपंचायत दाखला देईल.

उशीर झाला तर? ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हास्तरावरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं.

दाखल्यावर नाव कोणतं लिहायचं?

खरी गुंतागुंत इथे होते. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधार कार्डावर तिसरं आणि गावात हाक मारायचं चौथंच. जन्मतारीख तर बऱ्याच आजींना माहीतच नसते. म्हणून नोंद करताना सातबारा किंवा वनपट्ट्यावर जे नाव आहे, ते आधारशी जुळतं का, हे आधी पाहा. चूक झाली तर कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधकाकडे दुरुस्ती करता येते.

जमिनीचं काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यायची असते. त्यानंतर वारस नोंद आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. मृतांचीच नावं वर्षानुवर्षं राहिल्यामुळे राज्य सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली होती.

हरसूल परिसरात वनहक्काच्या जमिनी महत्त्वाच्या आहेत. याच प्रश्नावर मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले होते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(४) नुसार विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो. म्हणजे आजी फक्त 'घरची बाई' नसते, ती हक्कधारक असते. हा पट्टा वारसांकडे जातो, पण विकता येत नाही.

मुलींना वाटा मिळतो का?

हिंदू वारसा कायद्यात आईच्या मालमत्तेवर मुलगा आणि मुलगी यांचा समान हक्क आहे. मात्र कलम २(२) नुसार हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. आपल्या दिवंगत आईचा वाटा मागणाऱ्या मुलांच्या बाजूने हा निकाल लागला. स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वाटा नाकारणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

आणि आठवणींचं?

दाखल्यात वय आणि तारीख मावते, आयुष्य मावत नाही. कोकणा समाजात थाळगानाची परंपरा आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढतात आणि त्या नादावर कथा गायल्या जातात. मरणोत्तर विधीतही हे गायन होतं.

लिहून ठेवल्याने काय होतं, याचं उदाहरण जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नातेवाईकांनी काही गाणी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झालं. जी उतरवली गेली नाहीत, ती त्यांच्यासोबतच गेली.

तुमच्या घरात आजी असेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तिला विचारा: माहेरचं गाव आणि पूर्ण नाव काय, तिच्या आईचं नाव काय, किती मुलं झाली आणि किती जगली, दुष्काळात काय खाल्लं, कोणतं बियाणं जपलं, कोणत्या रानभाज्या ओळखता येतात. शेवटी रेकॉर्डिंगची तारीखही बोलून ठेवा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लावणं सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक झालं आहे. पुढच्या पिढ्यांना आईचं नाव कागदावर सापडेल. आजच्या आजींच्या बाबतीत मात्र ते काम घरच्यांनाच करावं लागेल.