चिवट प्लास्टिक: दाणा आणि साचा

पॉलिस्टायरिन पारदर्शक, कडक आणि साच्यात भरायला सोपे. दोष एकच, ठिसूळपणा. भारतात त्याचे उत्पादन 1957 साली मुंबईच्या पॉलिकेम कंपनीने सुरू केले. या दोषावरचा इलाज परदेशात त्याच्या कितीतरी आधीपासून शोधला जात होता. तो इलाज म्हणजे रबर.

मूळचे रशियन रसायनज्ञ इवान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांना 1927 साली अमेरिकेत याचे पेटंट मिळाले. द्रवरूप स्टायरिनमध्ये रबर विरघळवून मग त्याचे बहुवारिकीकरण करायचे, अशी ती रीत होती. मात्र मिश्रण ढवळले जात नसल्याने रबराचे सलग जाळे बने आणि माल साच्यात नीट वाहत नसे. डाऊ कंपनीच्या 1954 च्या पेटंटात विक्रिया चालू असतानाच ढवळण्याची युक्ती आली. रबर सुट्या थेंबांत विखुरले. हे थेंब साधारण 1 ते 5 मायक्रोमीटरचे असतात आणि त्यांच्या पोटात पॉलिस्टायरिनचे आणखी बारीक कण अडकलेले असतात.

रबर तडा कसा थोपवते, हे उमगायला वेळ लागला. 1956 साली मर्झ, क्लेव्हर आणि बेअर यांनी मांडले, की रबराचे कण ताणले जाऊन तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. पण एवढ्याने खर्च होणारी ऊर्जा फार थोडी भरत होती. 1965 साली बकनॉल आणि स्मिथ यांनी खरे कारण दाखवले. अशा प्लास्टिकची पट्टी वाकवली, की वाकावर दुधी पांढरा पट्टा उमटतो. प्रत्येक रबरकणाभोवती असंख्य सूक्ष्म भेगा उघडतात, त्यांच्या दोन्ही कडा बारीक धाग्यांनी जोडलेल्या राहतात आणि आघाताची ऊर्जा त्यांतच जिरते. एक मोठा तडा जाण्याऐवजी हजारो लहान भेगा पडतात.

हा चिवटपणा प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यात असला, तरी वस्तूत उतरेलच असे नाही. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साधारण 200 ते 240 अंश सेल्सिअसचा वितळलेला माल थंड साच्यात वेगाने शिरतो. साच्याच्या भिंतीलगतचा थर लगेच गोठतो; त्यातले रेणू आणि रबरकण प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन तसेच अडकतात. आतला गाभा सावकाश थंड होतो, तिथे कण पुन्हा गोल होऊ शकतात. परिणामी प्रवाहाला आडवा जाणारा तडा अडखळतो, तर प्रवाहाच्या दिशेने जाणारा सहज धावतो. तापवून दाबलेल्या सपाट तुकड्यात हा दिशाभेद फार कमी असतो.

छिद्राला वळसा घालून दोन प्रवाह पुन्हा भेटतात तिथे वेल्ड लाइन पडते. त्या रेषेवर रेणू एकमेकांत पुरेसे गुंततातच असे नाही आणि रबरकण रेषेलगत आडवे पसरतात. म्हणून वस्तू तिथे आधी फुटते. माल फार थंड असला तर ही जोड कच्ची राहते आणि दिशाभेद वाढतो. फार तापवला किंवा यंत्राच्या तापत्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, रेंगाळला, तर त्यातले पॉलिब्युटाडाईन रबर ऑक्सिजनशी विक्रिया करून ताठरते आणि मुळात ज्यासाठी ते घातले, तेच काम विसरते.

कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेज घाट चढणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्यावर बहुधा एबीएसचे हेल्मेट असते. एबीएस हेही रबराने चिवट केलेलेच प्लास्टिक. त्यातले कण बहुधा एक मायक्रोमीटरहूनही लहान. अशा कवचाची परीक्षा दाण्यापासून दाबून केलेल्या तुकड्यावर थांबवणे पुरेसे नाही. तयार कवचालाच आघात देऊन, छिद्रांच्या आणि वेल्ड लाइनच्या जागीही ते तपासावे लागते.