चंद्रप्रभेचे सिंह

काशीला पाहुणे आले की आपण त्यांना घाट, सारनाथ आणि रामनगरचा किल्ला दाखवतो. चंद्रप्रभेला मात्र क्वचितच कोणी नेतो. शहरापासून सुमारे ७० कि.मी. अंतरावर, विंध्याच्या डोंगरपठारावर ७८ चौ. कि.मी.चे हे अभयारण्य आहे. राजदरी व देवदरी हे धबधबे आणि चंद्रप्रभा धरणाचा जलाशय गणेशोत्सवाच्या सुमारास भरून वाहतात.

हा प्रदेश पूर्वी काशीनरेशांच्या शिकारीचा होता. याच चकिया-नौगढच्या जंगलाचा ठेका देवकीनंदन खत्री यांच्याकडे होता. तेथले भग्न किल्ले व दऱ्या पाहून त्यांनी ‘चंद्रकांता’ ही कादंबरी लिहिली.

१९५७ साली येथे अभयारण्य स्थापन झाले व त्याच वर्षी गीरहून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून सोडल्या. आशियाई सिंह साऱ्या जगात गीरमध्येच उरले होते. तेथे एखादी साथ आली तर वंशच संपेल, म्हणून हे दुसरे घर. आरंभ चांगला झाला. १९६५ पर्यंत त्यांची संख्या ११ झाली. पण १९७० च्या सुमारास एकही उरला नाही! जंगल लहान, त्यात गुरांची चराई. बंदुकीचा व विषाचा संशय घेतला गेला. परंतु सिंहांवर नियमित देखरेखच नसल्याने ते कसे संपले, याची नोंद राहिली नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणून आपल्या संस्थानात सोडले होते. ते गुरांवर व माणसांवर हल्ले करू लागले आणि तो प्रयोगही फसला. पुढे त्याच मुलखातील कुनो येथे गीरचे सिंह न्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तेथे २०२२ मध्ये चित्ते आले. सिंह मात्र गेले नाहीत.

प्राणी आणून सोडणे हे एका दिवसाचे काम. त्यांना सांभाळणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. परमुलखात येऊन वसलेल्या आपल्या पूर्वजांना हे वेगळे सांगायला नको. काशीत मराठी वस्ती टिकली, कारण आधी आलेल्यांनी नंतर येणाऱ्यांची काळजी घेतली. चंद्रप्रभेच्या सिंहांना अशी काळजी घेणारे कोणी भेटले नाही.

विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तेथे जरूर जावे. धबधबा तर दाखवावाच, पण सिंहांची ही गोष्टही सांगावी.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥