गिरणीचे धुराडे आणि अकरा दिवसांचा मांडव



परळीस वैजनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला देवळाच्या शिखराबरोबर औष्णिक वीजकेंद्राची धुराडीही दिसतात. हे केंद्र 1971 साली सुरू झाले, ते कायमचे म्हणूनच. परंतु 2013 च्या दुष्काळात पाण्यावाचून ते बंद ठेवण्याची पाळी आली. कारखाना म्हणजे टिकाऊ वस्तू आणि मांडव, चित्र, देखावा म्हणजे चार दिवसांची हौस, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आम्ही आपणांस परळीहून मुंबईच्या परळला नेणार आहोत. परळ हे नाव परळी वैजनाथावरूनच पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पाडळीच्या झाडावरून पडले असे म्हणणारेही आहेत. तो वाद आज नको.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांची. कंपनी 1854 ची, आणि ताडदेवास प्रत्यक्ष काम सुरू झाले 1856 मध्ये. पुढे परळ-लालबागचा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस पाळीला गिरणीत व निजायला चाळीत, असा राहू लागला. ह्या वस्तीत 1928 साली गणेश गल्लीचा उत्सव सुरू झाला. लालबागच्या बाजारातील उत्सवाची कथा तर सांगण्यासारखीच आहे. पेरू चाळीतील बाजार 1932 मध्ये बंद पडला आणि तेथे बसणारे कोळी व विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि 1934 साली त्यांनी गणपती बसवला. पहिल्या वर्षीची मूर्ती कोळ्याच्या वेषात होती, असे सांगतात. ज्यांची पोटाची जागा गेली होती त्यांनी देवालाच आपल्या धंद्याचा पोशाख चढवला! ह्याला कोणी कलाकृती म्हटले नाही. पण भर रस्त्यात, औद्योगिक वस्तीच्या मधोमध, तिथल्याच माणसांनी आपल्या जगण्याविषयी उभे केलेले ते शिल्प होते, आणि थोड्याच दिवसांत ते पाण्यात गेले.

पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मूर्तीला राष्ट्रपुरुषांचे रूप येऊ लागले. बांबू, कापड, कागद आणि वर्गणी एवढ्या भांडवलावर हे चाले. वर्गणी देणारा, मांडव घालणारा आणि रांगेत उभा राहून पाहणारा बहुधा एकाच गल्लीतला असे. विसर्जनानंतर सारे मोडून टाकायचे हे ठरलेलेच, म्हणून जपून ठेवण्याचा विचार कोणी फारसा केला नाही. इतिहासकाराला ह्याचा मोठा तोटा आहे.

मग 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या आणि धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. कायमचे म्हणून जे होते ते गेले; अकरा दिवसांचा मांडव मात्र दरवर्षी पुन्हा उभा राहतो. परंतु त्या झगमगाटात गिरणीकामगार आता क्वचितच दिसतो, हेही सांगितले पाहिजे.

अलीकडे एक निराळा प्रयोग झाला. कुलाब्याची ससून गोदी 1875 ची. मासळीचा मोठा बाजार तेथे पहाटे भरतो. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तेथील जुन्या गोदामात निमंत्रित कलावंतांनी तात्पुरते प्रदर्शन मांडले. जेआर ह्या फ्रेंच कलावंताच्या उपक्रमातून गोदीवरच्या माणसांची मोठाली काळीपांढरी छायाचित्रे भिंतींवर चिकटवली गेली. त्यांत कोळी होते आणि आपल्याकडच्या तांड्यांमुळे आपणांस परके नसलेले बंजारेही होते. आमच्या मते येथे लालबागहून एक फरक पडतो. तेथे काय उभे करायचे हे गल्ली ठरवीत होती. येथे ते पाहुण्याने ठरवले. तरी आम्ही ह्या प्रयोगाला नावे ठेवणार नाही. एरवी टोपलीवर वाकलेले तोंड एकदा भिंतीएवढे झाले, आणि ज्या शहराला मासळी खाताना ते आठवत नाही, तेच शहर नाकाला रुमाल लावून का होईना, ते पाहायला गोदीपर्यंत आले.

वर्ष संपण्यापूर्वी प्रदर्शन उठले. पहाटेचा बाजार नेहमीप्रमाणे भरत राहिला.